उलट्या गाडीचा खुदू मेस्तरी

फार वर्षं झाली या गोष्टीला. किती, ते मला विचारू नका. आंबसड्यात तीन म्हातारे आहेत आणि तिघांचे आकडे तीन आहेत. तेव्हा घाटात डांबर नव्हतं, एवढं मात्र तिघंही कबूल करतात.

घाटाच्या पायथ्याशी, फाट्यावरच्या आंब्याखाली, एक मेस्तरी राहायचा. कुणी म्हणतं त्याचं नाव खुदाबक्ष, कुणी म्हणतं खंडेराव. लोक हाक मारायचे खुदू मेस्तरी आणि तो ओ द्यायचा, त्यामुळे चौकशी तिथंच थांबली. त्या काळी चारही चाकांना जोर मिळणारे जुने लष्करी ट्रक लिलावात निघत. जंगलाचे ठेकेदार ते घेत, खडकांवर आपटून मोडत आणि खुदूच्या दारात आणून टाकत. खुदू त्यांच्या स्प्रिंगांचे पाटे बदलायचा, मोठी चाकं चढवायचा, पोटाखाली जाड पत्रा ठोकायचा, आणि मेलेली गाडी पुन्हा ओढे ओलांडू लागायची. त्यानं नुसता हात ठेवला की इंजिन आपलं दुखणं सांगायचं, असं म्हणतात. मला हे जरा जास्तच वाटतं. पण खुदू माणसांचं कुणाचंच ऐकत नसे, तेव्हा इंजिनाचं तरी ऐकत असेल.

"मेस्तरी चुकत नसतो, गाडी चुकते," असं तो म्हणायचा.

आंबसडा गाव तेव्हा वर सड्यावर होता, डोंगराच्या कुशीतल्या खडकाळ पठारावर. तिथली ठकूबाई तूप विकायला खाली यायची आणि खुदूसाठी फडक्यात भाकरी आणायची. खुदूला कुणी नव्हतं. तो तिला आक्का म्हणायचा. एका वर्षी ठकूबाई घसरून पडली, पाय मोडला, आणि तिचं खाली येणंच बंद झालं. खुदूनं निरोप धाडला, "आक्का, तू येऊ नकोस. गाडी तुझ्या दारात आणतो."

निरोप सोपा होता, वाट नव्हती. सड्याच्या वाटेवर एवढाले दगड, की गाडीचं पोट अडकायचं. मग खुदूनं आपल्या ट्रकचे दोन्ही ॲक्सल काढले, उलटे केले आणि पुन्हा बसवले. गाडी चांगली हातभर उंच झाली. अख्खा फाटा बघायला जमला. खुदूनं ऐटीत पहिला गिअर टाकला आणि गाडी मागं गेली, थेट चहाच्या टपरीत. दुसरा टाकला, तर आणखी जोरात मागं. चिडून रिव्हर्स टाकला, तेव्हा कुठं ती बिचारी पुढं सरकली, भरल्या गाड्याच्या बैलासारखी हळूहळू. ॲक्सल उलटे केले की चाकंही उलटी फिरणार, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मेस्तरी, चुकलं की ओ!" टपरीवाला म्हणाला.

"गाडी चुकली," खुदू म्हणाला. "आन् आता मला अशीच पायजे."

तेव्हापासून खुदूची गाडी पाठमोरीच फिरू लागली. मागं बघून बघून त्याची मान कायमची वळली, असं म्हणतात. त्याला हात करणारी माणसं गोंधळून जायची, आणि कुत्री भलत्याच टोकाला भुंकायची. सड्यावर जायचं मात्र आज-उद्या करत राहूनच गेलं.

मग तो श्रावण आला. पाऊस थांबेना आणि आंबसड्याच्या माथ्यावर डोंगराला भेग पडली. ज्यांना चालता येत होतं ते कसेबसे उतरले. वर राहिले म्हातारे, ओल्या बाळंतिणी आणि ठकूबाई. रस्ता अर्धा वाहून गेला होता. एकीकडे कडा, एकीकडे दरी, मध्ये जेमतेम गाडीपुरती वाट, आणि वर गाडी वळवायला जागाच नाही. ठेकेदारांचे ड्रायव्हर म्हणाले, चढू एकवेळ, पण या उतारावर पाठमोरं खाली कोण येणार? खुदूची गाडी पाठमोरी जाणार होती ती चढताना. उतरताना तिचं तोंड पुढं असणार होतं, आणि गिअर रिव्हर्सचा, सगळ्यात हळू, सगळ्यात दमदार. तो चढून बसला आणि निघाला.

वर ठकूबाई अंगणाच्या कडेला बसून होती. धुक्यात तिला गाडीची पाठ दिसली. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"पाठ दावली की रं भावानं! निघाला बघा!"

"आगं आक्के, पर गाडी मोठी हुत्या," शेजारची बाळंतीण म्हणाली. "जात्या आसंल तर ल्हान व्हायला पायजे."

"मग येत्या का जात्या?"

कुणाला काही कळेना. या घोळातच गाडीचा मागचा फाळका ठकूबाईच्या अंगणात येऊन टेकला. त्या गाडीत माणसं बसली, शेळ्या बसल्या, देवाचे टाक बसले, तरी जागा उरली, असं म्हणतात. उतरताना जिथं रस्ता नव्हता तिथं चाक हवेत फिरलं आणि हवेलाच त्याची पकड बसली, असंही म्हणतात.

खाली पोचल्यावर रडणं, मिठ्या, शेळ्यांची पळापळ. त्यात कुणीतरी ओरडलं, "कोंडिबा ऱ्हायला वर!" कोंडिबा म्हणजे गावातला बहिरा म्हातारा. ओरडलं कोण, याचीही तीन नावं आहेत. कुणीतरी "थांबा, बघू द्या" म्हणालं म्हणे, पण खुदू कधी कुणाचं ऐकायचा?

ठकूबाईनं गाडीचं दार धरलं. "नगं जाऊ रं. डोंगर हाललाय."

"येतो, आक्का," खुदू म्हणाला, आपण सगळेच निघताना म्हणतो तसं.

गाडी पुन्हा पाठमोरी चढू लागली, म्हणजे तिचं तोंड आता खालच्या लोकांकडं होतं. धुक्यातून दोन दिवे त्यांच्याचकडं बघत होते. बायका म्हणाल्या, आला. म्हातारे म्हणाले, आला, आला. दिवे लहान होत चालले होते, पण ते कुणी बोलून दाखवेना. आणि मग डोंगर खाली आला.

सगळं शांत झाल्यावर टपरीच्या मागून कोंडिबा आला, हातात चहाचा ग्लास घेऊन. तो पहिल्याच खेपेला शेळ्यांच्या गर्दीत बसून उतरला होता. "काय झालं?" त्यानं विचारलं. कुणीतरी नुसतं डोंगराकडं बोट दाखवलं. हे सांगताना मलाही अजून वाईट वाटतं. कोंडिबा पुढं पुष्कळ जगला, पण चहाला शिवला नाही.

लोकांनी पावसाळाभर शोधलं. एवढी लोखंडाची गाडी, पण तिचा एक नट सापडला नाही. खुदू दरडीखाली गेला म्हणतात, सड्यावरून पलीकडं कोकणात उतरला असंही म्हणतात. धुक्यात दोन दिवे मीही पाहिलेत. ते मोठे होत होते की लहान, हे मात्र मला सांगता येणार नाही.

त्याचे दिवस घालायचे की फातिहा द्यायचा, यावर गावात वाद पेटला. ठकूबाईनं दोन्ही थांबवलं.

"मेलेल्याचं करतात त्ये," ती म्हणाली. "पाठ दिसली तवा मी म्हनलं ग्येला, आन् त्यो दारात आला. आता तोंड हिकडं हाय, तर ग्येला म्हनू व्हय?"

ना दिवस घातले, ना फातिहा दिला. आजही नाही.

आंबसडा आता खाली वसलाय. खुदूची समाधी नाही, फोटोला हार नाही. पण गावातून कुठलीही गाडी सुटायची असली, जीप असो, एसटी असो की नवरीची मोटार, आधी आतल्या सगळ्यांची नावं पुकारतात, सुरुवात कोंडिबापासून. मग गाडी फाट्यावरच्या आंब्यापर्यंत पाठमोरीच जाते, तोंड गावाकडं ठेवून. नवे ड्रायव्हर वैतागतात, आंब्याच्या बुंध्यावर आपटून गाडीला पोचे पाडून घेतात, तरी कुणी सूट देत नाही. आणि दारात उभी असलेली माणसं, गाडी लहान लहान होत असताना, हात हलवून ओरडतात, "आली! आली!"