फेसाच्या घरट्याची राखण

फार लांब, आफ्रिकेतल्या एका नदीकाठी, दलदलीला लागून मासेमारांची वस्ती होती. तिथे एक मासेमार राहायचा. कामात तरबेज, पण बढाई मारायची भारी खोड!

त्या दलदलीत एक दाताळ मासा असतो, बरं का. लांब तोंडाचा, वस्ताऱ्यासारख्या दातांचा. गवतात दडून बसतो आणि समोरून लहान मासा गेला की झडप घालतो. माणसाची नुसती चाहूल लागली तरी पसार! पण हाच खादाड अंडी घालायच्या वेळी तोंडाने फेस काढतो, लव्हाळ्यांत फेसाचं घरटं करतो आणि नर-मादी दोघं तिथे पहारा देतात. असं घरटं दिसलं की वस्तीतलं माणूस शेजारच्या लव्हाळ्याला गाठ मारायचं. गाठ दिसली की होडी वळवायची, असा रिवाज होता.

मासेमाराच्या लेकीचं लग्न ठरलं. व्याही जेवायला यायचे होते आणि व्याह्यांच्या पानात दाताळ माशाचं डोकं वाढायचं, ही तिकडची रीत. मासेमार छाती फुगवून म्हणाला, "एक काय, दोन आणतो!"

तीन दिवस झाले, एक मासा मिळेना. चौथा दिवस जेवणाचाच. सकाळी लेक म्हणाली, "बाबा, वळणावरच्या लव्हाळ्यांत फेस आहे. मी गाठ मारून आले. तिकडे नका जाऊ हं."

"मला शिकवतेस होय गं?" असं म्हणून तो निघाला आणि थेट तिकडेच गेला. नुसतं बघायला, असं स्वतःला सांगत.

फेसाशेजारी हा मोठा मासा! होडी जवळ आली तरी हलेना. उलट होडीकडे तोंड करून उभा राहिला. मासेमाराने इकडेतिकडे पाहिलं, गाठ सोडली आणि भाला मारला.

दुपारी पंगत बसली. अख्खा भाजलेला मासा बघून सगळे वाहवा करू लागले. व्याही म्हातारे होते, त्यांचाही जन्म पाण्यावरच गेलेला. त्यांनी विचारलं, "कुठे गावला हो?"

"मधल्या धारेत! पळत होता, पाठलाग करून मारला."

म्हाताऱ्याने माशाचं डोकं पुढ्यात ओढलं आणि हात तिथेच थांबला. "पळणाऱ्याला घाव मागून बसतो. याला तर समोरून, तोंडावर बसलाय." मग हळूच विचारलं, "व्याहीबुवा, गाठ नव्हती का तिथे?"

"नव्हती," मासेमार म्हणाला.

पाणी वाढणारी लेक जागीच थांबली. तिने मान खाली घातली. बापाने ती खाली गेलेली मान पाहिली आणि हातातला घास खाली ठेवला. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

"होती," तो पुटपुटला. "मीच सोडली."

म्हाताऱ्याने माशाच्या डोक्यावर पान झाकलं. "सोयरीक मोडत नाही. पोरीचा काय दोष? पण हा घास माझ्याच्याने गिळवणार नाही."

मासेमार उठला तो होडीत जाऊन बसला. वळणावर फेस अर्धा विस्कटला होता, बारीक मासे अंड्यांवर तुटून पडले होते आणि उरलेला एकटा जोडीदार एका बाजूने हाकलायचा तोवर दुसऱ्या बाजूने अंडी फस्त व्हायची. मासेमाराने वल्हं आडवं धरलं आणि दुसरी बाजू सांभाळली. चार दिवस तो तिथून हलला नाही. लेक रोज जेवण आणून द्यायची. तो ते घ्यायचा, पण तिच्या डोळ्याला डोळा द्यायची हिंमत होत नव्हती.

चौथ्या दिवशी फेसाखाली इवली इवली पिल्लं वळवळली. थोडीच उरली होती. वाटेने जाणारा शेजारी म्हणाला, "शाबास! काय राखण केलीस रे!"

मासेमाराने मान वर केली नाही. "शाबास कसली? ज्याला मी मारलं, त्याचं काम करतोय."

जेवण घेऊन आलेल्या लेकीने ते ऐकलं. तिने एक लव्हाळा वाकवून बापाच्या हातात दिला. त्याने गाठ मारली.

यातून घ्यायचं ते इतकंच: आपल्या लेकरांपाशी उभा आहे म्हणून जो पळत नाही, त्याच्यावर वार करण्यात मर्दुमकी नाही, आणि चूक उमगली की नुसतं लाजून बसू नये, मोडलेलं सावरायला उठावं.