जसाईची ऐरण

फार वर्षांपूर्वी, सातपुड्याच्या कुशीतल्या धावडापाणी गावाबाहेर एक होता वेला घिसाडी आणि एक होती त्याची बायको जसी. त्यांच्याकडे एक बैलगाडी होती, एक भाता होता, आणि एक ऐरण होती. घर नव्हतं. घिसाड्याला घर कुठलं? आज या गावाची विळी-कुऱ्हाड, उद्या त्या गावाचा नांगराचा फाळ. काम संपलं की गाव म्हणायचं, आता हाका गाडी.

गावच्या लोहाराची ऐरण बाभळीच्या बुंध्यात ठोकलेली असते आणि बुंधा जमिनीत पुरलेला असतो. घिसाड्याची ऐरण वरच्यावर असते. काम झालं की उपटायची, गाडीत टाकायची. ज्याची ऐरण पुरली, त्याचं गाव. ज्याची वर, तो वाटसरू. हे एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचं कळेल.

जसीला तोवर तीन लेकरं झाली होती. तिन्ही वाटेवर जन्मली आणि तिन्ही वाटेवर गेली. एक नदीच्या पुलाखाली पुरलं, एक कुठल्याशा माळावर, तिसरं एका बाजारगावाच्या वेशीबाहेर. त्या जागा पुन्हा शोधायला गेली तर सापडल्या नाहीत. चौथ्या वेळी तिला दिवस गेले तेव्हा ती वेलाला म्हणाली, "मले सोनं नोको, लुगडं नोको. एक जागा पाय. हे लेकरू मी गाडीत नाही जन्माले घालत."

वेला हसला. "घिसाड्याची बायको अन् जागा मांगते! उद्या म्हणशील मले पाटलीण कर."

"पाटलीण नोको. ऐरण पुरून दे फक्त."

त्याच साली पुसाच्या, म्हणजे पौषाच्या महिन्यात ते धावडापाण्याला आले. तशी थंडी पुन्हा पडली नाही म्हणतात. ओढ्यावर पहाटे काचेसारखा पापुद्रा धरायचा. पाखरं फांदीवरून मेलेली पडायची.

डोंगरामागच्या दरीत तेव्हा सागाचं रान तुटत होतं. ठेकेदारानं दरीतून ओंडके वर ओढायला एक जुनं यंत्र आणलं होतं. दुसरीकडे झिजून झिजून मोडीत निघालेलं, बारा गाड्यांवर तुकडे तुकडे करून आणलेलं. वाफेवर चालायचं. त्याला एक भलं मोठं लोखंडी पिंप, पिंपावर मनगटाएवढा तारेचा दोर. पिंप फिरलं की दोर गुंडाळायचा आणि ओंडका दरीतून वर यायचा. लोकांनी त्याचं नाव काळीण ठेवलं. काळीण उघड्यावरच उभी असायची, डोंगराच्या कडेला. तिच्यावर छप्पर नव्हतं, ऊनवाऱ्याला आडोसा नव्हता.

पिंपाला दातेरी चाक होतं, आणि त्या चाकावर वीतभर लांबीची एक लोखंडी जीभ बसायची. चाक पुढे गेलं की जीभ एकेक दात ओलांडायची, टक् टक् टक्. चाक मागे फिरू लागलं की दातात अडकून ते धरून ठेवायची. कारागीर तिला कुत्रं म्हणतात. राखण करतं म्हणून. एवढ्या मोठ्या काळिणीचा सगळा भरवसा त्या वीतभर कुत्र्यावर.

पुसात ते कुत्रं मोडलं. नवं यायचं तर समुद्रापलीकडून, सहा महिन्यांनी. आणि उकर्डाजी पाटलानं ठेकेदाराला शब्द देऊन ठेवलेला, की शिवरात्रीच्या आत सगळा साग वर येईल. नाही आला तर गावाची गुरं रानात चरणं बंद, मोहफुलं वेचणं बंद. मग पाटलानं काय करावं? गावातले चाळीस गडी दोराला जुंपले. बैल घसरत होते त्या उतारावर माणसं उभी केली. चार दिवसांत ओंडका उलटा येऊन दोघं चिरडले.

तेव्हा पाटलाला गावाबाहेरचा घिसाडी आठवला.

पाटील स्वतः पालावर आला. चार माणसांदेखत बोलला. "वेला, काळीण चालव. ओढ्याकाठची ती चिंचेखालची जागा तुही. ऐरण पूर, पिढ्यान् पिढ्या राहा."

जसीनं पदर डोळ्याला लावला. सातवा महिना होता तिला.

घिसाड्यांच्यात नवरा सांडशी धरतो आणि बायको घन मारते. लोखंड फिरवायचं त्यानं, ठोकायचं तिनं. जसीचा घन पाच शेरांचा होता आणि पोट पुढे आलं तरी तिचा एक घाव चुकला नाही. काळिणीच्या शेजारीच त्यांनी भट्टी मांडली. वारा असा, की पाठ गोठायची आणि तोंड भाजायचं. दोन दिवसांत कुत्रं घडलं. आता त्याला पाणी द्यायचं राहिलं. पाणी देणं म्हणजे लाल लोखंड पाण्यात बुडवून कडक करणं. सगळी कला तिथंच.

घिसाड्यांचा पूर्वापार नेम, पाण्यासाठी वाहतं पाणी घ्यायचं, त्याच घडीला भरलेलं. साचलेलं नाही, शिळं नाही. वेलाचे वाडवडील खाली तापी-पूर्णेच्या काळ्या मातीत फिरलेले. तिथल्या हिवाळ्यात वाहतं पाणी कोमट असतं. या डोंगरावर तसं नव्हतं. वेलानं पहाटे ओढ्याचा पापुद्रा फोडून घागर भरली.

जसी म्हणाली, "हे पाणी मेल्यावानी थंड हाय. लोखंडाले धसका बसंल."

"बापजाद्यांचा नेम हाय."

"बापजादे इथं कधी आले व्हते?"

तिकडून ठेकेदाराचा मुकादम ओरडला, "नवराबायको भांडता का काम करता? ऊन वर यायच्या आत चाक फिरलं पाहिजे!"

वेलानं कुत्रं पाण्यात बुडवलं. मोठा फुत्कार झाला. बाहेर काढून त्यानं ऐरणीवर वाजवलं. जसीनं मान तिरकी केली.

"सूर फुटका हाय."

"थंडीनं तुहेच कान वाजतात," वेला म्हणाला आणि हसला. डोळ्याला दिसेल अशी चीर कुठंच नव्हती. त्यानं कुत्रं चाकावर बसवलं.

काळीण धापा टाकत सुरू झाली. टक् टक् टक्. दरीतून पहिला ओंडका निघाला. उतारावर नऊ गडी त्याला बाजूनं दांडके लावून वळवत होते. त्यांत दसरू होता, गावातल्या गिरजा नावाच्या बाईचा नवरा. ओंडका अर्ध्यात आला आणि कुत्रं तुटलं.

पिंप उलटं फिरलं. दोर सुटला. ओंडका मागे घसरू लागला आणि खाली नऊ माणसं. मुकादम पळाला. वेला पळाला नाही. त्यानं जसीच्या हातातला घन हिसकला आणि त्याचा दांडा चाकाच्या दातात घातला. असं म्हणतात, तो साधा बाभळीचा दांडा, पण नऊ माणसं बाजूला होईतो तो मोडला नाही. नववा माणूस बाजूला झाला आणि मग मोडला. मोडला तो वेलाच्या छातीत शिरला.

वेलाला गावाच्या मसणवटीत जागा मिळाली नाही. परका माणूस, म्हणाले. ओढ्यापलीकडे, काट्याकुट्यात त्याला अग्नी दिला. ज्यांचे जीव वाचले त्या नऊ जणांना पाटलानं त्याच दुपारी पुन्हा दोराला जुंपलं. तेरा दिवसांचा दुखवटा काय, तेरा घटकांचाही नाही.

तिसऱ्या दिवशी गिरजा पालावर आली. हातात भाकरी होती.

"तुया माणसानं मह्या माणसाले वाचवलं," ती म्हणाली. "तो आज पुन्हा त्याच उतारावर उभा हाय, बाई."

जसीनं भाकरी घेतली नाही. म्हणाली, "घन मारता येते तुले?"

"मले मुसळ मारता येते."

"एका उखळात किती जणी कांडता?"

"तिघी. कधी चौघी."

"मुसळं एकमेकींले लागतात?"

"लागतील कशी? हात मोजत असते ना."

"मंग घनही मारता येते," जसी म्हणाली. "तिघीचौघी घेऊन ये."

सात जणी आल्या. दोराला जुंपलेल्यांच्याच बायका. सांडशी जसीनं धरली. घिसाड्यांच्यात बाया सांडशी धरत नाहीत, धरली तर भट्टीचं नशीब जातं म्हणतात. एक म्हातारी तसं बोलली. जसी म्हणाली, "कोणतं नशीब राहिलं व माय, जायले?" सात जणींनी कांडपाच्या तालावर आळीपाळीनं घन चालवला, आणि कांडताना गातात तशा गाऊ लागल्या. फक्त गाण्याला शब्द नव्हते.

कुत्रं घडलं. आता पाणी.

जसीनं ओढ्यातून वाहतं पाणी भरलं, बापजाद्यांच्या नेमासारखं. मग मडक्याला कापड गुंडाळलं, ते आपल्या उघड्या पोटाशी धरलं आणि वरून गोधडी ओढून घेतली. मडकं बर्फासारखं. तिचे ओठ निळे पडले, दात वाजू लागले. गिरजा म्हणाली, "अवं, चुलीवर ठेव ना!" जसी म्हणाली, "चूल तळाशी उकळते, वर गार ठेवते. मले जित्या माणसाएवढं पाहिजे. मेल्याएवढं झालं तर काय होते ते पाह्यलं मी."

सकाळी बसली ती दुपार कलेपर्यंत बसली. असं म्हणतात, ते पाणी जसीनं नाही तापवलं, तिच्या पोटातल्या सात महिन्यांच्या जिवानं तापवलं. शेवटी तिनं बोट घालून पाहिलं आणि लाल कुत्रं त्या पाण्यात सोडलं. फुत्कार झाला नाही. निजलेलं पोर उसासा टाकतं तेवढाच आवाज झाला. ऐरणीवर वाजवलं तर देवळातल्या घंटेसारखं वाजलं, आणि दरीपलीकडून त्याचा नाद परत आला.

तिनं आपल्या हातानं ते चाकावर बसवलं. मुकादम म्हणाला, "बाईनं केलेलं. गडी उभे राहणार नाहीत याच्याखाली."

"नोको राहू देऊ," जसी म्हणाली. "मी राहतो."

आणि ती पोटुशी बाई उतरून ओंडक्याच्या खाली जाऊन उभी राहिली. काळीण सुरू झाली. टक् टक् टक्. ओंडका इंच इंच तिच्यापासून दूर, वर, वर गेला. असं म्हणतात, त्या दिवशी काळिणीनं एकशेवीस ओंडके ओढले आणि एकदाही दम खाल्ला नाही. साऱ्या गड्यांच्या खांद्यावरून दोर उतरले.

संध्याकाळी जसी पाटलाच्या ओट्याखाली जाऊन उभी राहिली. "जागा, पाटील."

उकर्डाजी पाटील पान लावत होता. त्यानं वर पाहिलं नाही. "बोली वेलासंगं झाली व्हती. वेलाची काळीण काही चालली नाही. चालली ती तुही. अन् तुह्यासंगं मही काही बोली नव्हती."

लोक बसलेले होते. बोली ज्यांच्यादेखत झाली ते चौघंही तिथंच होते. कुणी तोंड उघडलं नाही. नऊ जणांतले तिघं होते, त्यांनीही नाही.

"परवा संक्रांत," पाटील म्हणाला. "सणाले वेशीपाशी विधवा नोको. तवापर्यंत गाडी जुंपजो."

जसी ओट्यापासून फिरली. परत आली आणि ऐरण चिंचेखाली ठेवून तिच्याजवळ बसून राहिली.

संक्रांतीला ठेकेदारानं गावातल्या सगळ्या पुरुषांना डोंगरावर जेवण घातलं. इकडे बाया नटून हळदीकुंकवाला निघाल्या, हातात सुगडं. पण देवळाकडे वळायच्या ठिकाणी गिरजा वळली नाही. सरळ ओढ्याकडे गेली. तिच्यामागे त्या सात जणी. त्यांच्यामागे सगळ्या. विधवेच्या दारात, जिला दारही नव्हतं, साऱ्या गावच्या सवाष्णी उभ्या राहिल्या. सुगडांखाली पदराआड काय होतं, ते तुम्हीच ओळखा.

पुरुष जेवून परत आले तेव्हा चिंचेखाली ऐरण जमिनीत होती. बाभळीच्या बुंध्यात ठोकलेली, बुंधा गळ्यापर्यंत पुरलेला, भोवती माती चोपून सारवलेली, वर हळदकुंकू.

पाटील लाल झाला. "उपटा ते!"

नऊ जण पुढे झाले. दसरूनं ऐरणीला मिठी मारली. बाकीच्यांनी त्याला धरलं. ओढलं. कण्हले, कुंथले, घामाघूम झाले, एक जण तर मागे उलटा पडला.

"उचलत नाही, पाटील!" दसरू धापा टाकत म्हणाला. "जमिनीनं धरली!"

"बैल लावा!"

बैल लावले. बैल कुणाचे? त्या नवांचेच. बैलही हलले नाहीत. मग एक म्हातारा घाबरून ऐरणीच्या पाया पडला, मग दुसरा. शेवटी पाटलानं पागोटं सावरलं आणि घराकडे चालता झाला.

असं म्हणतात, ती ऐरण धरतीमायनं धरली. तुम्हीही तसंच सांगा. माझ्या आजीच्या आजीच्या तळहाताला त्या संक्रांतीला एवढे मोठे फोड होते, ते आपल्यातच राहू द्या.

काळीण पुढं चार वर्षं चालली. चार वर्षांत सगळा डोंगर बोडका केला आणि ठेकेदार निघून गेला. ओढा आटला. रान गेलं तशी मोहफुलंही गेली, ज्यांच्यासाठी एवढं सगळं केलं ती. जसी म्हातारपणी म्हणायची, "मी माणसं सोडवली. झाडं नाही सोडवता आली मले." काळीण तिथंच गंजून मातीला मिळाली. ते कुत्रं मात्र गंजलं नाही म्हणतात. कुणी म्हणतं जसीनं काढून नेलं, कुणी म्हणतं पुसाच्या थंडीत अजून डोंगरावर ऐकू येतं, टक् टक् टक्.

आजही धावडापाण्यात नवी सून आली की तिला आधी देवळात नेत नाहीत. आधी चिंचेखाली नेतात आणि ऐरणीवर घनाचा एक घाव मारायला लावतात. आजही तिथला लोहार वर्षाच्या पहिल्या फाळाला पाणी देतो ते पोटुशी बाई पोटाशी धरून आणते, आणि पाणी कोमट झाल्यावाचून कुणी घाई करत नाही, पाटील असला तरी. संक्रांतीचं पहिलं वाण गावातल्या विधवेला देतात. कुणी विचारलं तर म्हणतात, जसाईचं आहे.

आणि जसीला त्या फाल्गुनात मुलगी झाली, ऐरणीपासून चार पावलांवर, दिवसाढवळ्या. ती जगली. तिची लेकरं जगली. आज चिंचेभोवती त्यांची अकरा घरं आहेत, सातबाऱ्यावर नावं आहेत, आणि ओढ्यापलीकडे वेलाच्या जागेवर त्यांनी ओटा बांधला आहे. त्या घराण्याला त्यानंतर एकही लेकरू वाटेवर पुरावं लागलं नाही.