शेपटीचा भार

विमानं नुकतीच उडायला शिकली होती, तेव्हाची गोष्ट. एका विमानाचा पंख शेपटीवर रोज वैतागायचा.

"शेपटे, मी सगळ्यांना वर उचलतो आणि तू मागे बसून खाली दाबतेस. किती वेळा सांगू, दाबू नकोस."

"अरे दादा, पुढे नाकात जड इंजिन आहे. मी मागे दाबते म्हणून नाक वर राहतं."

"कारणं नकोत."

एकदा उंच आकाशात शेपटी कंटाळली आणि तिने दाबणं सोडलं. नाक लगेच खाली गेलं. पंखाने जीव खाऊन उचललं, पण तो जड नाकाच्या मागे असल्याने मागचाच भाग वर गेला आणि नाक आणखीच खाली वळलं. शेतं झपाट्याने जवळ येऊ लागली.

"शेपटीताई, दाब ना गं."

शेपटीने दाबलं. नाक वर आलं.

जमिनीवर उतरल्यावर पंख पुटपुटला, "जरा आधी दाबायला काय झालं होतं?"