अध्यक्ष मध्येच आहेत

आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष अप्पासाहेब खरवंडीकर चष्मा लावत नाहीत. साठी उलटली तरी आपली नजर घारीची आहे, असं ते सांगतात. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मात्र त्यांनी गुपचूप सगळं दुप्पट मोठं करून ठेवलंय.

वाचनालयाची वेबसाइट शाल्मली टिपरेने केली. वर एका ओळीत पदाधिकाऱ्यांचे तीन फोटो, डावीकडे उपाध्यक्ष आणि मानाप्रमाणे अध्यक्ष मध्ये. पण अप्पासाहेबांच्या मोठ्या केलेल्या स्क्रीनवर ती ओळ मावेना. फोटो एकाखाली एक घसरले आणि उपाध्यक्ष सगळ्यांत वर गेले.

अप्पासाहेबांनी भर सभेत शाल्मलीला उभं केलं. "उपाध्यक्षांना माझ्या डोक्यावर बसवलंस? काम रद्द."

शाल्मली म्हणाली, "अप्पासाहेब, ज्यांची नजर चांगली आहे, त्यांच्या स्क्रीनवर तुम्ही मध्येच आहात. दिसत नाही म्हणून ज्यांनी अक्षरं मोठी करून घेतलीत, फक्त त्यांनाच तुम्ही खाली दिसता. तुम्हाला तुम्ही नक्की कुठे दिसलात?"

सगळी सभा अप्पासाहेबांकडे बघायला लागली. उपाध्यक्ष तर जरा जास्तच निरखून बघत होते.

"मध्येच," अप्पासाहेब म्हणाले. "पुढचा विषय घ्या."