दौलतरावांची गाडी आणि सगुणाचा सवाल

एक होते दौलतराव इनामदार, अन् एक होती टेम्पोवाल्या रंगनाथची आई, सगुणा. दौलतरावांच्या लेकीचा, शालनचा जीव रंगनाथवर जडला, पण दौलतराव अडून बसले.

"पेट्रोलवर अन् विजेवरही पळणारी, जगात मोजकीच असलेली गाडी माझ्या दारात आहे. टेम्पोवाल्याला पोरगी देऊ?"

सगुणानं विचारलं, "दादा, ती गाडी धुतं कोण?"

"मीच! दुसऱ्याला हात लावू देत नाही."

"चार्जिंगला?"

"रोज मीच लावतो, नाहीतर बॅटरी बसते."

"मग फिरता कधी?"

"ह्या खड्ड्यांतून? पोट घासेल की तिचं!"

"म्हणजे टेम्पो माझ्या लेकाची चाकरी करतो, अन् तुम्ही गाडीची. आता सांगा, पोरगी मालकाच्या घरी द्यायची, का चाकराच्या घरी ठेवायची?"

दौलतराव आधी लाल झाले, मग पोट धरून हसले. "विहीणबाई, साखर घ्या!"

शालन सून होऊन आली, अन् सगुणाचं घर भरून गेलं.