कललेली ओळ

एकदा एक व्यापारी छापखान्यात आला, तो हातात एकच कागद घेऊन. दिवंगत पत्नीच्या आठवणींचे पान त्याने स्वतः लिहिले होते. दुसऱ्या दिवशी तिचे वर्षश्राद्ध, तेव्हा ते आप्तांना वाटायचे होते. निघताना तो दारात घुटमळला. "चेहरा डोळ्यांपुढे येतो हो," तो म्हणाला, "पण आवाज गेला. किती आठवला तरी येत नाही."

वृद्ध मुद्रक तेव्हा बाहेर गेला होता. त्याच्या शिष्याने हे ऐकले आणि त्याला भरून आले. शिष्य हुशार, पण हौस दांडगी. एका लहान पेटीत जुन्या वळणाच्या तिरप्या अक्षरांचे शिशाचे खिळे होते: उजवीकडे कललेले, टोकांशी निमुळते. गुरू ते क्वचितच बाहेर काढी. एवढ्या दुःखाला साधी अक्षरे कशी शोभतील, असा विचार करून शिष्याने अख्खे पान तिरप्या खिळ्यांत जुळवले.

दुपारी व्यापाऱ्याने नमुना वाचला. "देखणं आहे," तो म्हणाला आणि त्याने कागद खाली ठेवला. "पण ती यात नाही."

गुरू नुकताच परतला होता. त्याने जुळवलेल्या खिळ्यांभोवतीची दोरी सोडली आणि पान मोडून टाकले. मग गुरूने साध्या, सरळ खिळ्यांत सारा मजकूर पुन्हा जुळवला. एकच ओळ तिरपी ठेवली, पत्नी रोज दिवेलागणीला म्हणे म्हणून व्यापाऱ्याने लिहिलेली.

व्यापारी नवा नमुना मोठ्याने वाचू लागला. माहेर, लग्न, आजारपण, सारे एका सुरात. त्या ओळीपाशी त्याची मान किंचित कलली, आणि त्याच्या तोंडून बाईचा बारीक, दमलेला आवाज आला.

"अहो, दार लोटा. वारं येतंय."

बाहेर झाडाचे पान हलत नव्हते. तरीही छापखान्याचे उघडे दार सावकाश लोटले गेले.

शिष्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. व्यापाऱ्याच्या डोळ्यांना मात्र धार लागली होती. "अश्शीच म्हणायची," तो पुटपुटला.

प्रती घेऊन तो गेल्यावर गुरू म्हणाला, "सरळ अक्षर उभं राहून सांगतं. तिरपं अक्षर आपल्याकडे झुकतं. तू सगळ्याच अक्षरांना त्या व्यापाऱ्याच्या कानाशी लावलंस. त्या कुजबुजीत ती माउली कशी ऐकू यावी? बाकीचे गप्प उभे राहतात, तेव्हाच एखाद्याला झुकून बोलता येतं."

शिष्य खिळे आपापल्या खणांत परत टाकू लागला. त्या ओळीपाशी त्याचा हात अडखळला. ही एवढी राहू द्यावी का, असे त्याने विचारले.

"मोड," गुरू शांतपणे म्हणाला. "उद्या आणखी कुणाला बोलायचं असेल."

शिष्याने एकेक खिळा हलक्या हाताने पेटीत ठेवला. झाकण मात्र त्याने दाबून लावले नाही.