धन्याचं जातं

फार फार मागे, आपल्या आजोबांच्या आजोबांनाही जी जुनी वाटायची अशी ही गोष्ट. लहानांनो, ऐका. आणि भिंतीला टेकून डुलक्या काढणाऱ्या मोठ्यांनो, तुम्ही तर कान टवकारूनच ऐका, कारण गोष्ट तुमचीच आहे.

एका खोऱ्यात एक गाव होतं. सगळं खोरं एकाच धन्याचं. जमीन त्याची, पाणी त्याचं, डोंगर त्याचा. तो धनी दूरदेशी निघाला, तेव्हा त्याने घराघरात काही ना काही देऊन ठेवलं. थोरल्या कारभाऱ्याला जाडजूड उबदार घोंगडं दिलं. एकाला गोड गळा दिला. एकाला वस्तू काहीच दिली नाही, पण शेतातलं काम दुसऱ्यांवर सोपवून त्याला मोकळे दिवस दिले. आणि वेशीपाशी एकटी राहणारी सारूबाई नावाची विधवा होती, तिला दिलं दगडी जातं. साऱ्या गावात जातं तेवढं एकच.

जाताना धनी एवढंच म्हणाला, "हे माझं आहे. आल्यावर विचारीन."

झालं! धनी गेला आणि गावाला घोर लागला. आल्यावर हा विचारणार तरी काय? थोरला कारभारी खाकरून म्हणाला, "विचारणार काय दुसरं? जसं दिलं तसं आहे का, हेच विचारील. आणि नसलं तर आपली धडगत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. माणूस भ्याला की मान फार लवकर डोलते.

त्या दिवसापासून गावातली प्रत्येक वस्तू सोवळ्यात गेली. घोंगडं कडुनिंबाच्या पाल्यात घडी घालून पेटीत बंद झालं, आणि कारभारी स्वतः थंडीत कुडकुडत शेकोटीला बसू लागला. गोड गळ्याचा माणूस गळ्याला फडकं गुंडाळून हिंडे आणि गळा झिजेल या भीतीने बायकोशीसुद्धा खुणांनीच बोले. बायको म्हणे, बरंच झालं! मोकळ्या दिवसांचा माणूस वेशीवरच्या धोंड्यावर बसून धन्याची वाट पाही. कोणी म्हटलं, "अरे, जरा पाण्याचा पाट तरी साफ कर," तर म्हणे, "माझे दिवस धन्याचे आहेत, पाटाबिटात घालवायला नाहीत."

सारूबाईचं मात्र निराळं. तिने जातं दाराशी मांडलं आणि दार उघडं टाकलं. बाळंतिणीच्या घरचं दळण ती आधी घ्यायची. म्हाताऱ्यांचं दळण स्वतः पोचवायची. ज्यांच्या घरी दाणेच नसत, त्यांच्यासाठी आपल्या मडक्यातले मूठभर काढून दळायची. खुंटा धरला की स्वतःशीच म्हणायची, "जातं धन्याचं, दाणे धन्याचे, माणसं धन्याची. हात तेवढे माझे, तेही त्यानेच दिलेले."

आता दगडावर दगड फिरला की झिजणार. गुळगुळीत झाला की त्याला लोखंडी टाकी मारून पुन्हा खरखरीत करावा लागणार, आणि टाकी मारली की आणखी झिजणार. सारूबाईचं जातं वर्षागणिक बारीक होत गेलं.

दरवर्षी सुगीनंतर गाव चिंचेखाली जमे आणि जो तो आपली वस्तू मांडून बसे. कारभारी एकेक वस्तू तपासत फिरे. घोंगड्याची घडी मोडलेली नाही, शाब्बास! गळा वापरलेला नाही, वा! एका वर्षी तो सारूबाईच्या जात्यापाशी थांबला, वाकला, त्याने हाताने जाडी मापली, आणि त्याचे डोळेच पांढरे झाले.

"सारू, अगं हे काय? वीतभर जाडीचा दगड होता. चार बोटंही उरला नाही!"

"झिजला," सारूबाई म्हणाली.

"झिजला? धन्याची वस्तू झिजवलीस आणि वर तोंड करून सांगतेस?"

"दळलं म्हणून झिजला, कारभारी. झिजला तो गेला कुठे? तुमच्याच पोटात गेला की. कालची भाकरी काय हवेची होती?"

मागे बायकांत खसखस पिकली, पण कारभाऱ्याने वळून पाहताच साऱ्या मूग गिळून गप्प बसल्या. त्यातली एकही अशी नव्हती, जिचं दळण त्या जात्यावर झालं नव्हतं. पण एक म्हणून तोंड उघडेल तर शपथ! सारूबाईला दुःख झालं ते याचं. कारभाऱ्याचं ती मनावर घेत नव्हती.

कारभाऱ्याने हुकूम सोडला, "उद्या सकाळी जातं कोठीत जाईल. कापडात गुंडाळून, कुलपात. धनी येईपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. धनी फार कडक आहे."

"कडक?" सारूबाई ताडकन उभी राहिली. "धन्याला तुम्ही पाहिलंत की नाही? दारात उपाशी माणूस असताना तो कधी जेवला होता का? त्याला कंजूष ठरवणारे तुम्ही कोण? उद्या खुशाल या जातं न्यायला. उचलायला चौघं आणा, कारण वर मी बसलेली असेन."

आणि खरंच, सकाळी चौघं आले तेव्हा बाई पदर खोचून जात्यावर बसली होती. बाईमाणसाला उचलायचं कसं, या विचारात ते चौघं डोकं खाजवत उभे राहिले. तेवढ्यात घाटाच्या वाटेने माणसं उतरताना दिसली. घाटापलीकडच्या रानात वणवा पेटला होता आणि त्यांची गावं जळून गेली होती. कडेवर पोरं, डोक्यावर जोंधळ्याची गाठोडी, आणि तोंडं भुकेने सुकलेली. रडायचंही त्राण पोरांत नव्हतं.

कारभारी आडवा आला. "पुढे चला, पुढे चला! इथे थांबू नका. इथलं सगळं धन्याचं आहे."

"धन्याचं आहे म्हणूनच थांबा!" सारूबाई ओरडली. ती जात्यावरून उठली, खाली मांडी घालून बसली आणि तिने खुंटा धरला. "आणा ते दाणे इकडे."

"सारू, आज दळलंस तर गावाबाहेर काढीन!"

"काढा. माझं घर वेशीलाच आहे. दोन पावलं तर जायचंय."

जातं फिरू लागलं. दुपार झाली तरी फिरतच होतं. शेजारीण मान खाली घालून तवा घेऊन आली आणि चूल पेटवून बसली. मग आणखी दोघी आल्या, सरपण घेऊन. पोरं जेवली, त्यांच्या आया जेवल्या, वाटेसाठी भाकऱ्या बांधून झाल्या. शेवटची मूठ जात्याच्या तोंडात पडली आणि खाडकन आवाज झाला. वरचा दगड दुभंगला होता.

पाहुणे हात जोडून पुढच्या वाटेला लागले. कारभारी म्हणाला, "झालं समाधान? आता दाखव धन्याला काय दाखवायचं ते," आणि त्याने वेशीबाहेर बोट दाखवलं.

सारूबाईने दोन्ही तुकडे ओढत वेशीबाहेर नेले आणि त्यांच्यापाशी बसून ती पोटभर रडली. तिला भीतीही वाटली. हो, भ्याली ती! धीट माणसं भीत नाहीत, असं तुम्हाला सांगितलं कोणी? तिला त्या जात्याचा लळा होता, आणि ज्याने विश्वासाने दिलं त्याच्यासमोर फुटका दगड घेऊन उभं राहायचं होतं.

शेजारीण म्हणाली, "सारूआक्का, अजून वेळ गेली नाही. कारभाऱ्याचे पाय धर. चुकले म्हण."

सारूबाईने डोळे पुसले. "पाय धरीन ते धन्याचे. तुकडे त्याच्यापुढे ठेवीन. रागावला तर ऐकून घेईन, तो त्याचा हक्कच आहे. पण गुंडाळून ठेवलं होतं हे सांगायची लाज माझ्या वाट्याला यायची नाही. आणि चुकले तर मी मुळीच म्हणणार नाही."

त्याच आठवड्यात धनी आला. वाजतगाजत नव्हे, पायी, धुळीने माखलेला. गाव चिंचेखाली धावलं.

कारभाऱ्याने पेटी उघडली. घोंगडं कोरं करकरीत होतं. धन्याने ते उलटसुलट पाहिलं. "हे तर मी दिलं तसंच आहे."

"होय धनी!" कारभारी आनंदाने फुलला. "एक धागा हललेला नाही."

"मग माझ्यामागे इथे कोणी राहत नव्हतं का?" धन्याने विचारलं. "थंडी पडली नाही? कोणी म्हातारं झालं नाही? कोणाचं मूल उघडं निजलं नाही?"

गोड गळ्याच्या माणसाने फडकं सोडलं. गळा होता तसाच होता, पण त्याला एकही गाणं आठवेना. मोकळ्या दिवसांच्या माणसाने तर मान वरच केली नाही. त्याचे दिवस परत दाखवायलाही उरले नव्हते.

"आणि माझं जातं?"

गर्दी बाजूला झाली. सारूबाई वेशीबाहेरून आली, दगडाचा एक तुकडा कमरेवर आणि दुसरा शेजारणीच्या हातात. तिने ते धन्याच्या पायाशी ठेवले. मान ताठ होती.

"फुटलं, धनी. मीच फोडलं. दळता दळता फुटलं. पुन्हा दिलंत तर पुन्हा दळीन. तेही फुटेल, आधीच सांगून ठेवते."

धनी खाली बसला. त्याने तुकड्यावरून हात फिरवला आणि तो हसू लागला.

"वाटेत मला काही माणसं भेटली. वणव्यातून वाचलेली. त्यांनी आपल्यातली अर्धी भाकरी मला दिली. पहिल्याच घासाला दाताखाली कचकन खडा आला. तो मी थुंकला नाही, बाई. माझ्या डोंगराचा दगड मला दातानेही ओळखू येतो. म्हटलं, चला, गावात एक तरी घर माझं आहे."

सारूबाई इतकी वर्षं कोणापुढे वाकली नव्हती. आता मात्र ती धन्याच्या पायाशी बसली आणि लहान पोरीसारखी रडली.

मग धन्याने कारभाऱ्याच्या हातून घोंगडं घेतलं आणि वणव्यातून वाचलेल्या पोरांसाठी पाठवून दिलं. कोठीच्या किल्ल्या काढून सारूबाईच्या ओटीत टाकल्या. नव्या जात्यासाठी डोंगरातून दगड आणायचं काम ठरलं, आणि तो वाहून आणायला थोरला कारभारी, गोड गळ्याचा आणि मोकळ्या दिवसांचा, तिघांनाही जुंपलं. ते निघाले तेव्हा सारूबाई मागून ओरडली, "चांगला जाड बघून आणा! खूप माणसं जेवायची आहेत!"

देवाने दिलेला वेळ, दिलेलं अंगातलं कसब आणि दिलेली चीजवस्तू, यांतलं काहीच आपलं नव्हे, आपण फक्त कारभारी आहोत. आणि तो विचारील ते किती जपून ठेवलंत हे नव्हे, तर कोणासाठी झिजवलंत हे.